पत्थर, नग ११२

१४ जानेवारी २००३, मंगळवार. सकाळी ११.४०

वेळ मुद्दाम लिहिते. निसर्ग-दालनात पाय ठेवला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते. घड्याळ चार मिनिटं पुढे आहे, पण ते त्यांचंच घड्याळ आहे, तेव्हा त्यावर त्यांनी वाद घालू नये.

आधी वास आला, फरशीच्या अॅसिडचा. मग मागच्या व्हरांड्यातून आवाज. हा आवाज मी तीस वर्षं भूगोलाच्या तासाला मुलींना ऐकवला आहे. चुनखडीच्या दगडावर अॅसिडचा एक थेंब, फेस आला की लगेच पाणी. एक थेंब. इथे निळा प्लास्टिकचा टब, त्यात मी दालनाला दिलेले माझे सगळे जीवाश्म, शिंपले, पोवळी, सी-अर्चिन, आणि वर पिवळं पाणी ओतून ठेवलेलं. सगळं फसफसतंय. सफाईवाली सुकवारो एकेक उचलून काथ्याने घासत होती आणि बाजूच्या पोत्यावर मांडत होती. पांढरेफटक झालेले.

मी टबात हात घातला. जळला, ते नंतर कळलं.

इनचार्ज पाठक बाहेर आले. "मैडम, अच्छा हुआ आप आ गईं. देखिए, कैसे चमक रहे हैं."

शनिवारी मंत्री येणार आहेत. म्हणून चमक.

नंबर एकाही दगडावर उरलेला नाही.

त्यांना द्यायला नेलेला तिळगूळ पर्समध्ये तसाच परत आला. गोड बोलणं आज माझ्याकडून होणार नव्हतं आणि झालंही नाही.

१५ जाने.

उजव्या हाताला पट्टी. डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला कोणी हसू नये. हसणार कोण म्हणा.

वसंताभाऊजी वर आले, धाकटे दीर, खालच्या मजल्यावर राहतात. माझे यजमान म. गेल्यापासून सहा वर्षं रोज सकाळी पेपर आणून देतात आणि आधी स्वतः वाचतात. म्हणाले, "वहिनी, दगडं तं सगळे आहेत ना? मंग काहून एवढ्या तापून राहिल्या तुम्ही?"

समजावलं. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, त्यावर काळ्या शाईने नंबर. त्या नंबरची नोंद माझ्या वहीत: कुठला कडा, वाळूपासून किती वर, कोणत्या थरातला, कोणती तारीख. वही माझ्या कपाटात आहे, ठणठणीत. दगड दालनात आहेत. दोघांना बांधणारा नंबर गटारात गेला.

भाऊजी रेल्वेच्या मालगोदामात आयुष्यभर. पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "वॅगनचा नंबर खोडला तं मंग ती वॅगन कोणाचीच नाही राहत. आत सोनं भरा का कोळसा भरा."

दोन दिवसांत पहिल्यांदा कोणाला तरी कळलं. मला रडू आलं. भाऊजी घाबरून पेपर घेऊन खाली गेले. वाचून झालेला नव्हता, माझा.

१६ जाने.

झोप नाही, म्हणून सकाळीच वही काढून बसले. नं. १ ची तारीख आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची.

म. ला रेल्वेचा पास मिळायचा. बाकीच्यांचे पास काशीला, रामेश्वरला. आम्ही म्हटलं, रूळ जिथे संपतात तिथे जाऊ. रूळ ओख्याला संपत होते. पुढे समुद्र. धर्मशाळेत सामान टाकून किनाऱ्याने चालत गेलो तर पिवळ्या दगडाचा कडा, आणि कड्याच्या पोटात शिंपले. पायाखालच्या वाळूत ताजे, कड्यात दगड झालेले. रायपूरला वाढलेल्या माणसाने समुद्रच पहिल्यांदा पाहिला होता; म. ला वाटलं, सगळ्याच समुद्रांना असं असतं.

मग दरवर्षी तेच. दिवाळीनंतर जायचं, कारण पावसाळ्याच्या लाटांनी कडा ढासळलेला असतो. ओहोटीची वेळ धक्क्यावरच्या खलाशांना विचारायची. ओहोटी लागली की उतरायचं, पाणी फिरलं की गोळा केलेलं तिथेच टाकून का होईना, वर यायचं. कड्याला हातोडा लावायचा नाही, हा माझा नियम. जे पडलं आहे तेच उचलायचं, आणि ते कड्यातून जिथून निसटलं ती ताजी खाच शोधून थर आणि उंची लिहायची. नंबर जागेवरच घालायचा, धर्मशाळेत गेल्यावर नाही, कारण तिथे गेल्यावर माणूस 'बहुतेक' म्हणायला लागतो. म. छत्री धरून उभे राहायचे, मी शाईची दौत घेऊन दगडावर. एकदा टी.सी.ने पोत्याला पाय लावून विचारलं, क्या है? म. म्हणाले, मॅडम का होमवर्क.

म. गेल्यानंतरच्या दिवाळीला एकटी गेले होते. कड्याच्या तोंडावर सिमेंटची भिंत घातली आहे, समुद्र आत येऊ नये म्हणून. ठीकच आहे, वर घरं आहेत लोकांची. पण त्या कड्यातून आता एक शिंपलासुद्धा पडणार नाही.

म्हणजे हे ११२ होते तेवढेच.

१८ जाने., शनिवार

गेले. जायचं नव्हतं, तरी गेले.

लाल मखमलीवर मांडले आहेत. मोठ्यापासून लहानापर्यंत, आकाराप्रमाणे. बटाटे मांडावेत तसे. मंत्र्यांनी एक उचलला, "ये अपने छत्तीसगढ़ का है?" पाठक म्हणाले, "जी सर, पूरा." मी मागून म्हटलं, ओखा, गुजरात. बँड वाजत होता. पुन्हा म्हटलं. शेजारच्या बाईंनी मला वाट करून दिली, त्यांना वाटलं मला फोटोत यायचं आहे.

२० जाने.

पाठकांकडे जाऊन दोन गोष्टी मागितल्या. अॅसिडने धुतल्याचं लेखी द्या. दगड परत द्या.

चहा पाजला. आवाज एकदाही चढवला नाही. ह्या माणसाशी भांडता येत नाही, उशीवर मूठ मारावी तसं होतं. रजिस्टर उघडून माझ्यापुढे फिरवलं: पत्थर, नग ११२, हालत अच्छी. "मैडम, एक भी पत्थर कम नहीं है. गिन लीजिए." मी मोजले. एकशे बारा.

परत मागायचे तर ते आता शासनाचे. फाईल वर जाईल.

दोन वर्षांपूर्वी आधीचे अधिकारी रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या माझ्या ह्या खोलीत बसून पोहे खाऊन गेले होते. नवं राज्य, नवी राजधानी, नवं दालन. म्हणाले, दीदी, आपल्या राज्याला समुद्र नाही, तुम्ही देऊ शकता. मी भाळले. साठी उलटलेल्या बाईने समुद्र दान केला आणि पावतीवर काय लिहिलं आहे ते वाचलं नाही. शिक्षिका होते ना मी. मुलींना नेहमी सांगायचे, सही करण्याआधी वाचा. ते अधिकारी आता जगदलपूरला. फोन लावला. वाईट वाटलं म्हणाले. त्यांना खरंच वाटलं असावं.

२२ जाने.

पुण्याहून डॉ. नीलिमाचं पत्र. माझ्या निम्म्या वयाची असेल. सी-अर्चिनवर, म्हणजे समुद्रातल्या गोल काटेरी प्राण्यांवर, काम करते. पावसाळ्यात मी तिला नं. ६१ चा फोटो पाठवला होता.

नं. ६१: पालथ्या वाटीएवढा, पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल. प्रत्येक पाकळीच्या कडेने सुईच्या टोकाएवढी भोकं, दोन-दोनच्या जोडीने. ती भोकं कशी मांडली आहेत त्यावरून जात ठरते. फोटोतली मांडणी तिला कुठल्याच नोंदीत सापडली नाही. फोटोवर ठरवता येत नाही म्हणून ती स्वतः येते आहे. बुधवार १२ फेब्रुवारीला रायपूरला उतरेल. लिहिते: 'मॅडम, कदाचित हा एकमेव असेल. तुम्ही जागा आणि थर लिहून ठेवलात म्हणूनच याला किंमत आहे.'

चार वेळा वाचलं. मग तिला खरं काय ते लिहून टाकलं आणि पोस्टात टाकून आले. कमी-जास्त काही केलं नाही.

२४ जाने.

पाठकांनी कृपा करून अकरा ते एक बसू दिलं. वही, भिंग, जुने फोटो घेऊन गेले.

दोन तासांत नऊ ओळखले. ते मोठे आणि वेडेवाकडे म्हणून. बाकी सगळ्यांच्या कडा गेल्या आहेत, रेघा गेल्या आहेत, साबणाची वडी महिनाभर वापरल्यावर होते तसे झाले आहेत. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. भिंग धरून उजवा डोळाही दमला.

६१ तीनपैकी एक आहे. तिघेही वाटीएवढे, तिघांच्याही पाठीवर काहीतरी होतं असं वाटतं. ज्याला इतकी वर्षं हाताने चाचपलं तो मला ओळखू येत नाही. डोळे मिटून बोटांनी पाहिलं, तरी नाही. बोटांना पट्टी.

एक वाजता शिपाई म्हणाला, दीदी, टाइम हो गया.

२७ जाने.

अर्ज नेला, लेखी. आमच्या नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, ज्या मुलीला मुद्दे घालता येत नाहीत तिने रुसू नये. मी सात मुद्दे घातले. बेजबाबदार, अडाणी, आणि आणखी एक शब्द होता तो भाऊजींनी खोडायला लावला.

पाठकांनी शांतपणे वाचला. मग कपाटातून अभिप्राय-वही काढली आणि डिसेंबरचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं.

माझं अक्षर. माझी सही. दालनातल्या सगळ्यांना कळावं म्हणून चांगल्या हिंदीत लिहिलेलं: 'काच के भीतर उंगली भर धूल है. दो साल में किसी ने कपड़ा नहीं लगाया. वेतन लेते हुए थोड़ी भी शर्म आती हो तो इन्हें धोकर चमका दीजिए.'

"मैडम," पाठक म्हणाले, "आप ही के आदेश का पालन हुआ है."

उपहास नव्हता त्यात. तोच तर त्रास आहे. त्या माणसाला ते खरंच तसं वाटतं. वरिष्ठ बाईंनी वहीत लिहिलं, मंत्री येण्याआधी अमल झाला.

अर्ज घेऊन परत आले. दिला नाही.

२८ जाने.

लिहिलं होतं. लिहिताना मजाही आली होती. घरी येऊन भाऊजींना ते वाक्य म्हणून दाखवलं होतं आणि ते हसले होते.

२९ जाने.

काही नाही.

३० जाने.

दुपारी सुकवारो आली. बीरगावहून दोन ऑटो बदलून. पत्ता शिपायाकडून घेतला म्हणाली. खुर्चीवर बसेना, उंबऱ्याशीच बसली. मी पण खाली बसले, गुडघे कुरकुरले तरी.

पाठकांनी तिच्याकडे कोऱ्या कागदावर अंगठा मागितला आहे. ती म्हणाली हात भाजला आहे, नंतर देते. हात खरंच भाजलेला. माझ्या एका हाताला पट्टी आहे, तिच्या दोन्ही हातांची सालं गेली आहेत आणि पट्टी नाही. मी तेव्हा टबाकडे पाहिलं, दगडांकडे पाहिलं. तिचे हात पाहिले नाहीत. हे पण लिहून ठेवते.

"साहब कहिस, चमकना चाही. तेजाब घलो वोही मंगाइस. मैं का जानंव दीदी."

म्हणजे साहेबांनी सांगितलं, अॅसिडही त्यांनीच मागवलं. रोजंदारीवर आहे ती, नऊ वर्षं झाली. घरी नवरा खाटेवर.

मलम लावून दिलं. मग राहवलं नाही, विचारलं: फूल असलेला एक होता, आठवतो का? कुठे ठेवला?

"हव, सुरता हे," आठवतो म्हणाली. तिने हाताने वाटीचा आकार केला. "फूल कस छापा रिहिस ओमा. भीतर म मइल भरे रिहिस, त ओला जादा घसेंव."

फुलात मळ भरला होता, म्हणून तोच जास्त घासला.

मी चहा करायला आत गेले आणि गॅस न लावता तशीच उभी राहिले. तिला काय सांगणार? की तो मळ नव्हता, जात सांगणारी तीच भोकं होती? तिला तो एकच आवडला होता, म्हणून तिने त्याच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली.

१ फेब्रु.

नीलिमाचं उत्तर. येते आहेच. रडली असावी, शाई एका ठिकाणी फुटली आहे, किंवा पोस्टात भिजलं असेल. मी उगाच काहीबाही धरू नये. लिहिते: आतल्या बाजूला थोडं काही उरलं असेल तर पाहता येईल, पण ज्यांच्या ताब्यात संग्रह आहे त्यांचं लेखी निवेदन पाहिजे, कोणत्या दिवशी, कोणत्या द्रवाने, किती वेळ. नाहीतर ही झीज समुद्राने केली की अॅसिडने हे कोणीच सांगू शकणार नाही, आणि दगड कायमचा बाद. माझ्या शब्दावर भागणार नाही, कारण मी तक्रारदार.

३ फेब्रु.

पाठकांचा फोन, स्वतःहून. निवेदन तयार आहे म्हणाले. वाचून दाखवलं: १४ जानेवारी, फरशीचं अॅसिड, सुमारे चाळीस मिनिटं. मला हवं ते सगळं त्यात. फक्त सुरुवात अशी: 'सफाईकर्मी सुकवारो ने बिना अनुमति, अपनी मर्ज़ी से.' तिला कामावरून कमी केलं जाईल. मी खाली 'समाधान झाले' लिहून सही करायची. उद्या कागद हातात.

मी लगेच नाही म्हटलं नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार नाही. मी म्हटलं, विचार करून सांगते. आणि खरंच विचार केला. संध्याकाळपर्यंत केला.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, कागद तं मिळून राहिला ना. त्या पोरीला देतील दुसरीकडे काम. तुमचा दगड काही दुसरीकडे नाही मिळत."

बरोबर आहे ते. म्हणूनच मला त्यांचा राग आला.

४ फेब्रु.

पाठकांना फोन केला. नाही म्हटलं. ते म्हणाले, "मैडम, आप चाहती क्या हैं?" मी म्हटलं, ज्याने बाटली मागवली त्याचं नाव. पाठक म्हणाले, मग निवेदन निघणं कठीण आहे. नमस्कार करून फोन ठेवला. नमस्कार करायला विसरत नाही हा माणूस.

बोलण्याची हातोटी आहे म्हणतात लोक मला. शाळेत मुली टरकायच्या, स्टाफरूम टरकायची. त्या जिभेने आयुष्यात एक दगड वाचवला नाही, उलट एकशे बारा धुऊन काढले.

५ फेब्रु., बुधवार. दुपारी १२.१०

नवा अर्ज दिला. आवक क्रमांक घेतला, शिक्का नीट उमटला नव्हता तर पुन्हा मारायला लावला. एक प्रत वरच्या कार्यालयात, तिथलाही शिक्का घेतला. हिंदीत दिला आहे, इथे आपल्या भाषेत उतरवून ठेवते. विशेषणं एकही नाही. भाऊजींना खोडायला काही मिळालं नाही, तेव्हा निराश झाले.

१. डिसेंबरमध्ये अभिप्राय-वहीत 'धोकर चमका दीजिए' हे मी लिहिलं. रागाने लिहिलं. ते माझं आहे, त्याची जबाबदारी मी घेते. ही कबुली अर्जासोबत फाईलला लावावी.

२. अॅसिडने धुवा असं मी लिहिलेलं नाही. ते कोणी ठरवलं आणि कोणी मागवलं, हुद्द्यासह लिहावं.

३. सुकवारो यांनी दिलेलं काम केलं. ज्या निवेदनात त्यांना दोषी धरलं असेल ते मी स्वीकारणार नाही आणि त्यावर माझी सही मिळणार नाही. त्यांचा अंगठा घेतल्याचं कळलं तर त्या कोऱ्या कागदाबद्दल मी वेगळा अर्ज करेन. त्यांच्या हातांवर दवाखान्यात उपचार करून द्यावेत.

४. दगड कोणत्या दिवशी, किती वेळ, कोणत्या अॅसिडात होते, एवढ्या तीन गोष्टी दालनाच्या कागदावर हव्या आहेत. बाकी भाषा तुमची असू द्या.

५. १२ तारखेला येणाऱ्या संशोधिकेला तिन्ही सी-अर्चिन पाहू द्यावेत. तोपर्यंत त्यांना कोणी हात लावू नये. कोरड्या कापडानेसुद्धा.

ह्याचं उत्तर फोनवर नको, समोर बसवून समजूत काढायला नको. लेखी, तारीख, सही आणि शिक्क्यासह, सोमवार १० फेब्रुवारीला संध्याकाळी पाचच्या आत.